हेपा फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे

दिवाळीत घरी एअर प्युरिफायर आला. खोक्यावरचा मजकूर वाचून भाऊजींनी शेरा मारला, ‘‘०.३ मायक्रॉनपर्यंतच पकडतो म्हणे. त्याहून बारीक धूळ आरपार जाणारच की!’’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

चहाची गाळणी डोळ्यांसमोर ठेवली की असंच वाटणार. पण प्युरिफायरमधला हेपा फिल्टर हा तंतूंचा अस्ताव्यस्त गुंता असतो आणि त्यातली भोकं ०.३ मायक्रॉनपेक्षा कितीतरी मोठी असतात. मग कण अडकतो कसा? हवा तंतूला वळसा घालून पुढे जाते. पाच-दहा मायक्रॉनच्या जड कणाला ते वळण जमत नाही. घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसारखा तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो आणि चिकटतो. दुसऱ्या टोकाला ०.०५ मायक्रॉनचा चिमुकला. त्याला हवेचे रेणू चारी बाजूंनी ढोसत असतात, त्यामुळे तो झिंगल्यासारखा भेलकांडत (हीच ती ब्राउनियन गती) कुठल्या तरी तंतूला धडकतोच. पंचाईत मधल्यांची. आदळायला हलके, भेलकांडायला जड! ते हवेचं बोट धरून अलगद निसटतात. म्हणून फिल्टरची परीक्षा या सर्वांत अवघड ०.३ वर घेतात आणि तिथे ९९.९७ टक्के कण अडले तर तो हेपा. त्याहून बारीक कण उलट जास्तच अडकतात.

नाकाचंही बरंचसं असंच. मोठी धूळ तिथेच आदळून थांबते. उदबत्तीच्या धुरातले बहुतेक कण मात्र एक मायक्रॉनहूनही बारीक. ते थेट फुप्फुसात उतरतात, काही उच्छ्वासाबरोबर परत येतात, काही तिथेच बसतात. डासांच्या कॉइलचं तर विचारूच नका. २००३च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक) कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आणि आपण ती लावतो खिडक्या बंद करून!

(तूप जाळल्याने ऑक्सिजन तयार होतो, हा निरोप फॅमिली ग्रुपवर दर श्रावणात येतो. जळताना ऑक्सिजन खर्च होतो, हे शाळेत मेणबत्तीवर ग्लास उपडा घालून आपण सर्वांनी पाहिलंय.)

‘‘म्हणजे आता खिडक्या बंदच ठेवायच्या?’’ भाऊजींचा पुढचा प्रश्न. नाही. गॅसच्या शेगडीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू. त्याचे रेणू तंतूंवर आदळूनही टिकत नाहीत, हेपा त्यांना अडवू शकत नाही. ते बाहेरच घालवावे लागतात. तेव्हा प्युरिफायर हॉलमध्ये ठेवला आणि स्वयंपाकघरातला, तेलाच्या पुटांनी जाम झालेला एक्झॉस्ट फॅन त्याच दिवशी दुरुस्तीला काढला.