परिसर-व्यक्तिचित्र (छायाचित्रण)

परिसर-व्यक्तिचित्र : माणसाला स्टुडिओत न बोलावता, तो जिथे राबतो किंवा राहतो तिथे जाऊन, भोवतीच्या वस्तूंसह काढलेले छायाचित्र. आपला फोटो निघतो आहे हे त्या माणसाला ठाऊक असते. बहुधा तो हातातले काम थांबवून भिंगाकडे पाहत असतो. नकळत टिपलेल्या छायाचित्राहून ते वेगळे ठरते ते इथे. दुसरी अट अशी की खोली, यंत्र, हत्यारे चेहऱ्याइतकीच बोलली पाहिजेत. बहुतेक चित्रे फसतात ती या अटीवर. लोहाराला भट्टीजवळ उभे केले की झाले, असा समज आहे. तेवढ्याने ओळखपत्राचाच फोटो मोठा होतो.

जुन्या स्टुडिओतही परिसर असेच, फक्त तो रंगवलेला असे. सांगली-साताऱ्याकडच्या माजघरांतून अजून टांगलेले पणजोबांचे फोटो पाहावेत : मागे कमान, जिना, बाग, शेजारी तिवईवर फुलदाणी, आणि पायांत, बहुधा त्या दिवसापुरतेच, बूट. हा पडदा नाटकाच्या पडद्याच्या भावकीतला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभे केले, त्या सांगलीला त्यात काही खटकण्याचे कारण नव्हते. माणसाला हवासा वाटणारा परिसर तो पडदा पुरवत असे.

पडद्याबाहेर पडणाऱ्यांत जर्मन छायाचित्रकार आउगुस्ट झांडर (१८७६–१९६४) यांचे नाव आधी येते. शेतकरी, वकील, गवंडी अशी समाजाची सगळी थरावळ त्यांना चेहऱ्यांतून मांडायची होती. १९२९ साली त्यांचा ६० छायाचित्रांचा संग्रह निघाला. १९३६ मध्ये नाझी सत्तेने त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. भटारखान्यात भले मोठे भांडे धरून उभा असलेला त्यांचा मिठाईवाला (१९२८) पाहिला की भांडे मोठे की तो, हे ठरवता येत नाही.

या प्रकाराशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव मात्र अमेरिकेचे आर्नल्ड न्यूमन (१९१८–२००६) यांचे. गंमत म्हणजे हे लेबल त्यांना स्वतःला आवडत नसे. त्यांनी १९४६ मध्ये काढलेले संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे छायाचित्र या प्रकाराचा वस्तुपाठ मानतात. त्यात पियानोचे उघडलेले काळे झाकण जवळपास सगळी चौकट व्यापते आणि डाव्या कोपऱ्यात, खाली, हातावर डोके टेकलेले स्ट्राविन्स्की. झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसतो. मूळ निगेटिव्हमध्ये खोली बरीच जास्त होती. न्यूमन यांनी ती निर्दयपणे छाटली. ज्या मासिकासाठी ते काढले त्याने ते नाकारले. आणि तो पियानो स्ट्राविन्स्कींच्या घरचा नव्हताच! म्हणजे वस्तू मालकीची असण्यापेक्षा ती नेमकी असणे आणि बाकीचा पसारा बाहेर ठेवणे महत्त्वाचे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा धडा लगेच कामाला येतो. शस्त्रे परजणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रणी. पुढे गायक अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेत राहिले. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारखान्यात शिरताच नवखा छायाचित्रकार हरखतो : छतापर्यंत पंढरपूर भागातून आलेले वाळके भोपळे, कोपऱ्यात दांड्या, सगळीकडे भुसा. तो सगळेच चौकटीत कोंबतो आणि माणूस हरवतो. फार रुंद भिंग लावले तर कडेचा भोपळा ताणून दुधीसारखा लांबतो, म्हणून ३५ मिमी पुरे. उजेड एका दारातून येतो आणि आतला काळोख फार. समोरून फ्लॅश मारला की भोपळ्यांची गोलाई गेलीच. त्यापेक्षा दारासमोर पांढरी चादर धरून उजेड परतवावा, ट्रायपॉड लावावा आणि शटर संथ ठेवावे.

मग नेमके काय निवडायचे? माझ्या मते जवारी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा घासून तारेला झंकार आणणे. जवारी लावताना कारागिराची मान तिरकी होऊन कान घोडीजवळ येतो. कानस दोन हलके हात फिरते, थांबते. बोट तार छेडते. घोडीवरचे सूत केसभर सरकते. त्या क्षणी त्याचे डोळे कुठेच पाहत नसतात. तिथे त्याला जरा थांबायला सांगावे. एक भोपळा, एक घोडी, एक कान एवढे चौकटीत असले तरी वाद्य ऐकू येते.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीची अडचण निराळी. या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. ढिगावर पडलेले ऊन खालून हमालाच्या हनुवटीवर पिवळे उसळते. कॅमेऱ्याचा रंगतोल (व्हाइट बॅलन्स) आपोआपवर ठेवला तर यंत्राला तो पिवळा दोष वाटतो, ते तो खोडायला जाते, आणि माणूस निळसर, आजारी दिसू लागतो. रंगतोल हाताने उन्हावर बांधावा आणि तो पिवळा तसाच राहू द्यावा. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. ती पेवे २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर खराब झाली, त्यामुळे पेवात उतरणाऱ्या माणसाचे चित्र आता सहजी मिळणे कठीण.

परिसर माणसाच्या विरुद्धही उभा करता येतो. न्यूमन यांनी १९६३ मध्ये जर्मन कारखानदार आल्फ्रीड क्रुप यांना त्यांच्याच एसेनच्या कारखान्यात बसवले, दोन्ही बाजूंनी खालून दिवे लावले आणि पुढे झुकायला सांगितले. चेहरा हिरवट, सैतानी उतरला. गुलाम मजुरांच्या वापरासाठी क्रुप यांना न्यूरेंबर्गला शिक्षा झाली होती आणि न्यूमन ज्यू होते. क्रुप यांना जे झाले ते मजुराला नकळत होऊ शकते, हे कॅमेरा धरणाऱ्याने विसरू नये. यंत्रमागावरचा कामगार दीनवाणा दिसावा म्हणून दिवा मालवणारेही असतात.

इकडे मात्र बहुधा उलटे होते. फोटो काढायचा म्हटले की कारागीर भुसा झटकतो, ‘थांबा की जरा’ म्हणून आत जातो आणि इस्त्रीचा शर्ट घालून येतो. जाणते छायाचित्रकार वाद घालत नाहीत. आधी शर्टातला काढतात, मग काम सुरू झाल्यावर आपल्याला हवा तो. दोन्हींच्या प्रती घरी पोहोचल्या, तर भिंतीवर शर्टातलाच लागतो.