बंदरकाठची कार्यालयीन इमारत (कोकण)

गोद्या, वखारी आणि धक्के हटवून नव्याने वसवलेल्या बंदरकाठच्या वस्तीत बांधली जाणारी कचेऱ्यांची इमारत. कोकण किनाऱ्यावरचे तिचे ठळक जुने उदाहरण म्हणजे मुंबईचे बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा (आताची इंदिरा) गोदी खोदताना निघालेल्या दगडमातीच्या भरावावर पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ दरम्यान ते उभारले. बहुतेक इमारती वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या. सारखी उंची आणि एका ओळीत बसलेले दर्शनी भाग ही तिथली शिस्त आजही शिकण्यासारखी आहे.

जागा हाती आली की आधी भरतीरेषा पाहावी. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विकसित शहरी भागात (सीआरझेड-२) अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच बांधता येते.

जोत्याची उंची ठरवताना एक घातक चूक होते. भरती-ओहोटीच्या कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून (सर्वांत खालच्या ओहोटीजवळच्या पातळीपासून) मोजलेली असते, तर सर्वेक्षकाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोहोंत सुमारे २.५१ मीटरचा फरक आहे. म्हणजे कोष्टकातली ४.८० मीटरची उधाणाची भरती सर्वेक्षणाच्या नकाशावर २.२९ मीटर होते. नकाशावर दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. त्यावर वादळी फुगवटा (वादळाने चढणारे समुद्राचे पाणी), लाटा आणि समुद्राची वाढती पातळी यांची भर धरावी. भरतीच्या वेळी गटाराचे समुद्राकडील तोंड बंद असते, म्हणून पाणी साठवायला टाकी लागते. २,००० चौ.मी. आवारात तासाला ५० मि.मी. पाऊस तीन तास पडला आणि सगळे पाणी वाहून आले, तर ३०० घनमीटर होतात. मीटर, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर तळघरात ठेवूच नयेत.

भरावाखालचा चिखल वर्षानुवर्षे दबत राहतो. खडकापर्यंत नेलेल्या पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) इमारत जागची हलत नाही, पण आवार खचते, पायरीपाशी फट पडते आणि सांडपाण्याचे नळ भिंतीबाहेर पडतात तिथेच तुटतात. तिथे लवचीक सांधे द्यावेत. खचणारा भराव पाइललाही खाली ओढतो. तो भार हिशेबात धरावा.

खरा शत्रू मीठ. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खारे तुषार लागणाऱ्या भागात किमान एम-३५ दर्जाचे काँक्रीट आणि ५० मि.मी. कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) हवे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम-४० आणि ७५ मि.मी. बिघाड मात्र बारीक कारणाने होतो. सळ्या बांधायच्या तारेचे टोक बाहेर वळलेले राहिले की मीठ-ओलावा तिथून आत शिरतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. कव्हर ब्लॉक (सळी साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) खांबाइतक्याच दर्जाच्या काँक्रीटचे असावेत, आणि तारेचे प्रत्येक टोक आत वळवावे.

पश्चिमेला समुद्र दिसतो म्हणून सबंध काच लावण्याचा मोह होतो. तिथूनच दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातली झड येते. कोकणी घराची पडवी इथे जास्त उपयोगी: दीड-दोन मीटर खोल सज्जा आणि त्यामागे काच. दर्शनी भागाचे बोल्ट आणि कंस ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत; ३०४ वर लवकर तांबूस डाग पडतात. सज्जाच्या खालच्या अंगाला पाऊस पोहोचत नाही आणि मीठ साचतच राहते, म्हणून पावसाळा संपल्यावर तो भाग दर महिन्याला गोड्या पाण्याने धुण्यासाठी नळाची सोय आराखड्यातच दाखवावी.