गावाकडचे फोटो आणि मुंबईची हवा

कोकणातली एखादी वाडी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कशी दिसायची हे पाहायचं असेल, तर वाडीत जाऊन फारसं काही हाती लागत नाही. ते सापडतं लालबाग-परळच्या खोल्यांत, पत्र्याच्या ट्रंकेत. कारण साधं आहे. कॅमेरा असलाच तर तो चाकरमान्याकडे असायचा. मे महिन्यात नाहीतर गणपतीला तो गावी जायचा, रोल भरायचा आणि परत आल्यावर मुंबईत धुवायला टाकायचा. एखादी प्रत पोस्टाने गावी जायची, निगेटिव्ह आणि बाकीच्या प्रती इथेच राहायच्या. गावातली प्रत भिंतीवर लागायची आणि चुलीचा धूर, पाऊस आणि कसर मिळून तिचा निकाल लावायचे.

साठ-सत्तरच्या दशकांत अनेक घरांत ‘आग्फा क्लिक थ्री’ होता. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. भिंग साधं, छिद्र लहान, त्यामुळे ऊन भरपूर लागायचं. म्हणून या फोटोंत खळ्यात उभं केलेलं सगळं घर सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून बघत असतं. त्यांच्या मागे गवताने शाकारलेला गोठा, उडवी, नांगर, एखादी बुजलेली म्हैस. फोटो काढणाऱ्याला माणसं हवी होती, आज आपल्याला मागचा गोठाही तितकाच हवा असतो.

सध्या या ट्रंका मोठ्या संख्येने उघडताहेत. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली बिऱ्हाडं १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाऊ लागली आहेत. गिरणगावातल्या इतर चाळीही एकेक करून पडताहेत. सामान हलवताना काय टाकायचं आणि काय न्यायचं हे घाईत ठरतं. जे वाचतात त्या फोटोंची मग मायेने निगा राखली जाते, आणि खरी भीती तिथेच आहे. ते पुसले जातात, उन्हात घातले जातात, लॅमिनेट होतात. पावसाने जितकं नेलं नसेल तितकं या मायेने जातं. ते का, हे कळायला फोटो म्हणजे नक्की काय वस्तू आहे ते पाहावं लागेल.

जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे नुसता कागद नाही. तळाला कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर आणि त्यावर जिलेटिनचा पातळ पापुद्रा. आजोबांचा चेहरा त्या पापुद्र्यात असतो, चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने. ही खरोखरची धातुरूप चांदी असते, फक्त तिचे धागे इतके बारीक आणि गुंतलेले असतात की ती काळी दिसते. जिलेटिन हे प्रथिन आहे, जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनवलेलं. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने ते फोटोच्या काचेवर वापरून दाखवलं आणि पुढची शंभरेक वर्षं त्यानेच राज्य केलं. कोरडं असेल तर ते फार टिकाऊ. पण हवेतला ओलावा ते पापडासारखं ओढून घेतं, फुगतं, मऊ पडतं, आणि मऊ पडलं की प्रथिनावर जगणाऱ्या सगळ्यांना ते खाद्य होतं.

सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचे बीजाणू रुजतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या खाली क्वचित येते, म्हणजे बुरशीला हवा अनुकूल आहेच. ती जिलेटिनवर विकरं सोडते आणि त्याच्या लांब रेणूंचे तुकडे करते. असं तुटलेलं जिलेटिन साध्या थंड पाण्यातही विरघळतं.

शिमग्याच्या पालखीचा एक फोटो घ्या. पालखीच्या डाव्या खांद्यावर बुरशीचे पांढरे कापसासारखे ठिपके आहेत. घरातलं कुणीतरी ओल्या मलमलीने हलकेच पुसायला जातं. ठिपका जातो, आणि त्याच्यासोबत पालखीच्या भोयाचा चेहराही निघून कापडावर येतो. धूळ वाटत होती ती धूळ नव्हती, खाली काहीच धरून ठेवणारं उरलेलं नव्हतं. बुरशी लागलेल्या फोटोला पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोरड्या, हवेशीर जागी ठेवून बुरशी पूर्ण वाळू द्यायची. ती भुकटीसारखी झाली की घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटकायची. डाग राहतात. राहू द्यावेत.

उन्हात वाळवणं हाही तसाच प्रकार. जिलेटिन झटकन आकसतं, खालचा कागद तितका आकसत नाही, मग फोटो नळीसारखा वळतो आणि सरळ करायला गेलं की तडे जातात.

मग करायचं काय? आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारची हवा बऱ्यापैकी कोरडी असते. ट्रंक उघडायचे, फोटो सुटे करायचे, पाकिटं बदलायचे दिवस हेच. सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात दोन-चार दिवस ठेवून ते घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केले, तर जानेवारीची हवाच आत कोंडली जाते. सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली तर ती कोरडी हवा पाऊसभर टिकते. रंग बदलणारं जेल घेतलं की सादळलंय का ते कळतं, आणि गरम करून ते पुन्हा वापरता येतं. पण जेल ढीगभर घालू नका. आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली की जिलेटिन ठिसूळ होतं.

एसी लावून प्रश्न सुटतो असं पुष्कळांना वाटतं. एसी दिवसरात्र चालणार असेल तर सुटतो. रात्री चालू, सकाळी बंद असा असेल तर फोटो रोज आकसतो आणि रोज फुगतो. शिवाय पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव जमू लागतं तो, साधारण २६ अंशांवर असतो. २४ अंशांच्या खोलीतला फोटो तसाच गॅलरीत आणला की त्यावर दव जमतं. तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाहेर आणावा आणि काही तासांनीच उघडावा.

आता ट्यूबलाइटखाली एखादा जुना फोटो तिरका धरून बघा. काळ्या भागांत, विशेषतः कडांना, निळसर रुपेरी झाक दिसेल. हवेतले ऑक्सिडीकारक वायू चांदीच्या कणांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करतात, ते दमट जिलेटिनमधून वर सरकतात आणि पृष्ठभागावर त्यांची पुन्हा चांदी होते. हे वायू घरातही तयार होतात. गणपतीआधी भिंतींना आणि कपाटाला ऑइलपेंट लावतात, तो वाळताना पेरॉक्साइडं सोडतो. प्लायवूडमधून निघणाऱ्या वाफाही त्यातल्याच. म्हणून लाकडी खणापेक्षा जुनं लोखंडी कपाट बरं, फक्त त्याचा रंग ताजा नसावा आणि ते बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेलं नसावं. ती रुपेरी झाक मात्र घासू नये, ती त्या फोटोतलीच चांदी आहे.

पिवळे-तपकिरी डाग वेगळे. फोटो धुताना न वापरलेले चांदीचे क्षार काढून टाकायला हायपो लागतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जॉन हर्शेलला त्याचा हा गुण १८१९ सालीच कळला होता, फोटोसाठी त्याने तो १८३९ मध्ये वापरला. हायपो नंतर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुऊन काढावा लागतो. पाणी जपून वापरणाऱ्या गल्लीतल्या डार्करूममध्ये ते दरवेळी होत असेलच असं नाही. मागे राहिलेल्या हायपोतलं गंधक चांदीला लागतं आणि चांदीचं सल्फाइड बनतं. दोष तेव्हाचाच असतो, डाग नातवाच्या काळात दिसतो.

भिंतीवरच्या फ्रेमची गोष्ट निराळी. गेलेल्या माणसाचा फोटो, काचेवर गंध, वर चंदनाचा हार, खाली उदबत्ती. गंध काचेवर असतं तोवर फोटोला काही होत नाही. पण बऱ्याच फ्रेमवाल्यांनी काच थेट फोटोवर टेकवलेली असते, आणि दमट हवेत मऊ झालेलं जिलेटिन काचेला धरतं. सुतार लाकूड जोडायला सरस वापरायचे तो याच जातीचा. असा चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. फारच मोलाचा असेल तर तज्ज्ञांना दाखवावा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचं माउंट घालायला सांगावं, आणि भिंतीवर मूळ फोटोऐवजी प्रत लावावी. गंध प्रतीलाही चालतं.

चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन यांच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही.

पुरात भिजलेल्या फोटोंचा नियम मात्र उलटा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं, म्हणजे एकाच कुटुंबाचे इथले आणि तिथले दोन्ही अल्बम बुडण्याची सोय झाली. भिजलेला गठ्ठा तसाच वाळला तर जिलेटिन फोटो एकमेकांना कायमचे चिकटवतं. म्हणून तो ओला असतानाच स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून एकेक फोटो सुटू द्यायचा, चिखल निथळवायचा आणि फोटो वर तोंड करून सावलीत वाळवायचा. हे दोन दिवसांत उरकणार नसेल तर मधे बटर पेपर घालून गठ्ठा फ्रीझरमध्ये टाकायचा. बुरशी तिथे थांबते.

निगेटिव्ह असतील तर आधी वास घ्या. ओर्वो असो, आग्फा असो की उटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू, त्या काळातले रोल बहुतेक सेल्युलोज ॲसिटेटचे. ओलावा आणि उष्णता यांनी त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सुटतं आणि तेच आम्ल पुढची मोड आणखी वेगाने घडवून आणतं. फिल्म आखडते, तिच्यावरचं जिलेटिन आखडत नाही, मग सुरकुत्या पडतात. आंबूस वास आला की त्या निगेटिव्ह बाकीच्यांपासून वेगळ्या करून सगळ्यात आधी स्कॅन कराव्यात. स्कॅनरमधली धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय तेव्हा बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजतं. १९७०-८०च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर होतात त्याला वेगळं कारण आहे. त्यांत चांदी नसते, तीन रंगद्रव्यं असतात, आणि त्यातलं निळं-हिरवं अंधारातही आधी विरतं.

स्कॅन किती बारकाईने करायचं? दहा इंच रुंदीच्या गटफोटोत एक चेहरा सहा मिलिमीटरचा असतो असं धरू. इंचाला ६०० बिंदू या दराने त्या चेहऱ्याला साधारण १४० बिंदू मिळतात. तोच फोटो १६०० बिंदू रुंदीचा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की चेहऱ्याच्या वाट्याला ३८ येतात. घरच्या ग्रुपवर पाठवायला हरकत नाही, पण तीच एक प्रत जपून ठेवणं म्हणजे फोटो गमावणं. मूळ फाइल टिफ या फाइल-प्रकारात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी.

हल्ली मोबाइलवर जुना चेहरा ‘स्पष्ट’ करून मिळतो. ३८ बिंदूंत जी माहिती नाही ती कुठून येणार? यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं आणि पणजीला कुणा भलतीचेच डोळे लावतं. हौस म्हणून करा, पण ती फाइल वेगळी ठेवा आणि तिच्या नावात तसं लिहा.

रसायनशास्त्र पुरेसं जमलं तरी नावांचं काम उरतंच, आणि त्याची मुदत सगळ्यात कमी आहे. गणपतीला गावी जाताना मोठ्या आकाराची छापील प्रत न्यावी, प्रत्येक डोक्यावर आकडा घालावा आणि घरातल्या म्हाताऱ्या आत्याला, काकांना विचारावं. ते जे बोलतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करावं, कारण माणसाच्या नावाआधी कुणाची जमीन, कुणाचा बैल, कुठली विहीर हेच निघतं. नावं मूळ फोटोच्या मागे लिहायची तर बॉलपेनने नव्हे. शाई पुढे फुटते, टोकाचा दाब चेहऱ्यावर उमटतो. जाड कागदाच्या जुन्या फोटोवर मऊ पेन्सिल हलक्या हाताने चालते. नंतरच्या प्लास्टिक चढवलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे नावं पाकिटावर लिहावीत, तीही फोटो आत सरकवायच्या आधी.