शरणपूरपासून संकल्पपत्रापर्यंत : नाशिकच्या मंडळ्यांमधल्या अर्पणाची पार्श्वभूमी

वर्षअखेर जवळ आली की नाशिकमधल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत उपासना संपताना एक छोटे पत्रक, म्हणजे संकल्पपत्र, हातात येते. त्यावर कुटुंबाचे नाव लिहायचे आणि पुढच्या वर्षी दरमहा किती अर्पण देण्याचा संकल्प आहे तो आकडा. पाळकसाहेब विनंती करतात, कमिटीतले कोणीतरी उठून छताच्या दुरुस्तीचा नाहीतर पगाराचा हिशेब सांगते आणि बाकांवर कुजबुज सुरू होते. ‘देवाला द्यायचे ते कागदावर कशाला लिहून द्यायचे?’ ही नेहमीची शंका. दुसरी जरा कडवट असते : ‘चर्चला एवढ्या जमिनी आहेत, मग आमच्याकडे कशाला मागता?’ दोन्ही शंका खोट्या नाहीत. त्यांची मुळे इथल्याच मातीत आहेत. ती न पाहता दानधर्मावर प्रवचन दिले तर मागणारा आणि देणारा दोघेही एकमेकांवर उगाच रुसतात.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशन संस्थेने नाशिकमध्ये 1832 साली काम सुरू केले. फॅरर वगैरे सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, पण बाप्तिस्मा घेणारे फार थोडे होते. जो घेई त्याचे घर सुटे. धर्म बदलल्याने वारसाहक्क जात नाही असे 1850 च्या कायद्याने ठरवले खरे, पण कायद्याने भाऊबंद जेवायला बोलावत नाहीत. विहीर, गिऱ्हाईक, बलुते, सगळेच तुटे. अशा माणसांनी जगायचे कसे, या प्रश्नातून 1854 च्या सुमारास गावाबाहेर शरणपूर वसले. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली तिथे घरे, चर्च, शाळा, सुतारकाम-लोहारकामाच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे आली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तांड्यात होता आणि 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीजवळ उभा होता. पुढच्याच वर्षी प्राइस यांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीरटाउन वसवले आणि शरणपूरमध्ये वाढलेले अनेक आफ्रिकन ख्रिस्ती तिकडे गेले. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या वसाहतीने माणसे वाचवली, हे कृतज्ञतेनेच लिहायला हवे. पण तिची आर्थिक घडीही लक्षात घ्यायला हवी. जमीन मिशनची, घर मिशनचे, काम देणारे मिशन, शाळामास्तरांचा आणि उपदेशकांचा पगार मिशनचा, आणि मिशनचा पैसा लंडनहून येणारा. तिकडे इंग्लंडमधल्या खेड्यांत मुले पेट्यांत पेन्या टाकत, बायका विणकाम विकून रक्कम जमवत. म्हणजे शरणपूरच्या चर्चमागेही सामान्य लोकांचे उदार दान होतेच. फक्त ते देणारे हात समुद्रापलीकडचे होते आणि इथल्या मंडळीच्या डोळ्यांना कधी दिसले नाहीत. दिसला तो साहेब आणि त्याच्या हातातली तिजोरीची किल्ली. ‘चर्चकडे पैसा असतो’ हा समज तिथून सुरू होतो.

देवळालीला वेगळीच तऱ्हा. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांसाठी जे चॅप्लिन, म्हणजे लष्करी पाळक, असत त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होई. एका शहराच्या दोन टोकांना दोन चर्चे, एकाचा खर्च लंडनहून येणारा आणि दुसऱ्याचा सरकारातून भागणारा. दानथैली दोन्हीकडे फिरत असे, पण पाळकाचे घर तिच्यावर चालत नव्हते. माझ्या मते नाशिकच्या अर्पणाच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दानथैली उपासनेचा भाग झाली, पण मंडळीच्या जगण्याचा आधार झाली नाही.

हे चालणार नाही, हे मिशनमधल्याच काहींनी ओळखले होते. हेन्री व्हेन 1841 पासून 1872 पर्यंत चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव होते. स्थानिक मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि सुवार्ता आपणच पुढे न्यावी, अशी तीन सूत्रे त्यांनी मांडली. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन हेच म्हणत होते आणि 1854-55 मध्ये ते स्वतः अहमदनगरच्या मराठी मिशनमध्ये येऊन गेले. व्हेन यांची योजना कागदावर साधी होती. ख्रिस्ती लोकांचे छोटे गट करायचे, प्रत्येक गटाने नेमाने वर्गणी गोळा करायची, ती एका स्थानिक निधीत जायची, त्यातून स्थानिक पाळकाचा पगार द्यायचा आणि मिशनचे अनुदान हळूहळू घटवत न्यायचे. तामिळनाडूत तिरुनेलवेलीकडे, जिथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली होती, तिथे हे बरेच साधले. नाशिककडे मंडळी लहान आणि विखुरलेली, शिवाय बरेचसे सभासद मिशनच्याच नोकरीत. मिशनने दिलेल्या पगारातून मिशनला वर्गणी द्यायची, म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात. त्यातून स्वावलंबनाची सवय लागणार कशी?

त्यात दुष्काळ आले. 1876 ते 78, मग 1896-97, आणि लगेच 1899-1900. नाशिक-नगरच्या पट्ट्यात लोक बायकामुलांसह मदतकेंद्रांकडे चालत निघाले. मिशन संस्थांनी अनाथालये उघडली, धान्य वाटले, कामे काढली. पोटाला अन्न नसलेल्याला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणे, शिकवणे हे पाप ठरले असते, आणि शहाण्या पाळकांनी ते केले नाही. पण एका पिढीच्या मनात चर्च म्हणजे मिळण्याचे ठिकाण, ही ओळख आणखी घट्ट झाली.

या परावलंबनाला सगळ्यात तळमळीने प्रश्न विचारला तो नाशिकशी नाते असलेल्या एका कवीने. नारायण वामन टिळक नाशिकमध्ये शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्याच जलालपूरच्या. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. पण परदेशी पगारावर जगणारा उपदेशक आपल्या देशबांधवांना परकाच वाटणार, ही बोच त्यांना सोडेना. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. ख्रिस्ताचे भारतीय शिष्य स्वतःच्या बळावर, संन्याशाच्या साधेपणाने एकत्र येतील अशी ती कल्पना होती. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले आणि दरबार रुजण्याआधीच थांबला. त्यांनी टोचून दाखवलेली गोष्ट मात्र राहिली. ज्याचा पगार त्याची मंडळी.

टिळक एकटे नव्हते. 25 डिसेंबर 1905 रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. व्ही. एस. अझरया हे तिच्या संस्थापकांपैकी एक, पुढे 1912 मध्ये ते भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय, हा तिचा बाणा होता. हे स्वदेशीचेच दिवस होते. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे दारोदार फिरून पैसा फंड जमवत होते आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला साताऱ्याकडच्या बायकांनी मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य दिले. थोडे थोडे, पण नेमाने आणि सगळ्यांनी द्यायचे, ही रीत मराठी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. ईशान्येकडे मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनीही 1910 पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचा नेम धरला आणि त्यावर त्यांची मंडळी आजही मोठी कामे चालवते.

आपल्याकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत रोख पैसा दुर्मिळ होता, पण कापणीचा सण होता. बाजरीची पायली, कांद्याची जुडी, कोंबडी, अंडी, भोपळा, पुढे द्राक्षांचे घड असे जे घरचे ते वेदीपुढे यायचे आणि उपासनेनंतर लिलाव. दहा रुपयांचा भोपळा कोणी शंभराला घेतो आणि पुन्हा लिलावात ठेवतो, त्यावर सगळे टाळ्या वाजवतात. नाशिक शहरातही हा सण टिकून आहे, आणि मला तो अर्पणाचा सगळ्यात मोकळा प्रकार वाटतो. त्यात गरिबाची कोथिंबिरीची जुडी आणि अधिकाऱ्याची नोट एकाच टेबलावर येतात.

शहर मात्र बदलत गेले. नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आणि 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस आली, 1964 मध्ये ओझरला विमानांचा कारखाना, मग सातपूर आणि अंबडच्या वसाहती. मंडळीतले बरेच जण महिन्याच्या पगारावर आले. हंगामाच्या अर्पणाची जागा पाकिटाने घेतली. अमेरिकेतल्या चर्चेसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालेली साप्ताहिक पाकिटांची आणि वार्षिक संकल्पाची पद्धत इकडेही पोचली. म्हणून काही जण संकल्पपत्राला परदेशी खूळ समजतात. छापील कागद नवा असेल, पण संकल्प फार जुना आहे.

यरुशलेमच्या गरीब बंधूंसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करत होता तेव्हा करिंथच्या मंडळीने वर्षभर आधीच शब्द दिला होता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे त्याने त्यांना पहिल्या पत्रात लिहिले. दुसऱ्या पत्रात, आठव्या आणि नवव्या अध्यायांत, तो दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः दरिद्री असूनही किती दिले ते सांगतो. पण लगेच तो म्हणतो की हे माझे फर्मान नव्हे, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून मोजायचे, जे नाही त्यावरून नाही. कुरकुरत किंवा भाग पडल्याने देऊ नका, हेही त्याच पत्रातले. आणि जे बहुतेक प्रवचनांतून सुटते तेही तिथेच आहे. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी बोट ठेवू नये म्हणून पौल ती एकट्याच्या हाती देत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो. देणाऱ्याने शब्द द्यायचा, घेणाऱ्याने हिशेब द्यायचा, असे हे दुहेरी बंधन आहे.

दशांशाबद्दल बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय इतक्यांदा वाचला जातो की ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा मागे पडतो. त्यात तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (उपासनेची सेवा करणारे), परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून गावातच ठेवायला सांगितले आहे. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतो. त्या बाईचे नाव घेऊन कोणी धुणीभांडी करणाऱ्या बहिणीकडून पगाराबाहेरचा आकडा लिहून घेत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही. तसेच ‘शंभर द्या, देव हजार देईल’ हा सौदा. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्ती घेऊन येतात. नवसात मागणे आधी आणि देणे नंतर असते, त्यात श्रद्धा असते आणि मी तिचा आदर करतो. संकल्पाचे तसे नाही. मिळून चुकले म्हणून द्यायचे असते.

आता जमिनींचा प्रश्न. 1929 मध्ये नाशिकचे स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाले, फिलिप लॉइड पहिले बिशप. 1930 मध्ये इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. कारभार इकडे आला, मिशनऱ्यांची मालमत्ता विश्वस्त संस्थांकडे आली आणि परदेशी पैसा आटत गेला. वारशात आल्या त्या जुन्या इमारती आणि त्यांची कौले. सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 चा. त्याप्रमाणे न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हिशेब तपासून सादर करावे लागतात. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे पाळकांच्या पगाराला रोकड आहे असे नव्हे. परदेशी देणग्यांचा कायदा 2010 मध्ये नव्याने आला आणि 2020 च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. ही देणगी आता दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतच प्रथम जमा व्हावी लागते आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. लंडनचा धागा तर केव्हाच तुटला होता. उरलेलेही तुटत आहेत.

म्हणून यंदा पत्रक हातात आले की ते मिशनच्या काळातल्या वर्गणीसारखे पाहू नये. पाळकांचा पगार, वीजबिल, रविवारच्या शाळेची पुस्तके, आजारी कुटुंबाला मदत, आदिवासी भागातल्या लहान मंडळ्यांना हातभार, हे सगळे आता आपणच करायचे आहे, आणि वर्षाचा अंदाज माहीत असल्याशिवाय कमिटी यातले काहीच ठरवू शकत नाही. नोकरी गेली, दवाखाना लागला, पीक गेले, तर आकडा खाली आणता येतो. पाळकांना एकट्यात सांगितले तरी पुरते. काही लिहायचे नसेल तर कोरे पाकीट ठेवावे, त्याबद्दल कोणी विचारू नये. कमिटीने मात्र एप्रिल ते मार्चचा तपासलेला ताळेबंद पत्रक वाटण्याआधी फलकावर लावावा, मागच्या वर्षी किती संकल्प झाला, किती आला आणि कशावर गेला हे वार्षिक सभेत वाचून दाखवावे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला बसा म्हणू नये.