ज्ञातिबहिष्कार (मुंबईतील वैष्णव)

जातीच्या महाजनाने (पंचमंडळाने) ठराव करून एखाद्याशी रोटी-बेटी व्यवहार तोडणे, त्याला वाळीत टाकणे. मुंबईतील पुष्टिमार्गी (वल्लभाचार्यांच्या वैष्णव संप्रदायातील) भाटिया व वाणी ज्ञातींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या उपायाचा वापर आपल्या धर्मगुरूंवरील, म्हणजे ‘महाराजां’वरील, टीका रोखण्यासाठी केला.

ही रीत गुजरातेतील महाजनांकडून आली, असे जुने लेखक मानतात. धर्मगुरूंच्या रक्षणासाठी तिला जी धार आली ती मात्र मुंबईतील न्यायालयांमुळे, असे काही अभ्यासकांचे मत असून ते अधिक ग्राह्य वाटते. १८५९च्या सुमाराचे तथाकथित ‘गुलामीखत’, म्हणजे अनुयायांनी सह्या केलेला करार, त्याला दुजोरा देते. एका महाराजांवर कोर्टाचे समन्स निघाल्यावर हवेल्यांचे, म्हणजे पंथाच्या मंदिरांचे, दरवाजे बंद झाले. दर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा अनेकांचा नेम असल्याने सह्या भराभर झाल्या. महाराजांना कोर्टात खेचू नये, त्यांच्याविरुद्ध लिहू नये आणि असे करणाऱ्यास ज्ञातीबाहेर काढावे, असा खताचा आशय होता. निव्वळ जुन्या रूढीला समन्सची धास्ती कशाला वाटेल?

२१ ऑक्टोबर १८६० रोजी समाजसुधारक करसनदास मूळजी यांच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकात महाराजांच्या अनाचारावर लेख आला. जदुनाथजी महाराजांनी पुढील वर्षी त्यांच्यावर आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षीची वेळ येण्याआधीच भाटिया महाजनाने सभा घेतली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास वाळीत टाकण्याचे ठरवले. करसनदासांनी हा कट असल्याची फिर्याद केली. आरोपी दोषी ठरले. दोघा प्रमुखांना प्रत्येकी १,००० आणि इतरांना प्रत्येकी ५०० रुपये दंड झाला.

मूळ दाव्याची सुनावणी जानेवारी १८६२मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात सुरू झाली. हे कोर्ट तेव्हा अपोलो स्ट्रीटवरील अ‍ॅडमिरल्टी हाऊसमध्ये (नंतरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग) भरे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य या नात्याने बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. २२ एप्रिलचा निकाल बहुतेक ठिकाणी ‘करसनदासांचा विजय’ असा एका ओळीत उरकला जातो. प्रत्यक्षात दोन न्यायाधीशांत एकवाक्यता नव्हती. मजकूर खरा असल्याचा बचाव दोघांनीही मान्य केला. पण तो छापण्याच्या मुद्द्यावर सर मॅथ्यू सॉसे वादीकडे झुकले, तर सर जोसेफ आर्नोल्ड पूर्णपणे प्रतिवादीच्या बाजूने राहिले. करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले.

ज्ञातीचे शस्त्र मात्र शाबूत राहिले. १८६३मध्ये करसनदास विलायतेस गेले म्हणून त्यांच्याच कपोळ ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले.

मुंबई प्रांताने १९४९मध्ये बहिष्कृतीस मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये तो बहुमताने रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार २०२३मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.