विधी सेवांमधील तंत्रज्ञान : टेली-लॉ आणि ई-लोकअदालत

वारसा, पोटगी, भाडे, मजुरी, जमिनीची नोंद, विमा, कर्जवसुली अशा दिवाणी वादांत वकील करण्याची ऐपत नसलेल्या व्यक्तीला सल्ला देणे, तिची बाजू मांडणे आणि तडजोड घडवून आणणे ही कामे दूरसंपर्काच्या साधनांनी करण्याची व्यवस्था. भारतात तिची दोन रूपे ठळक आहेत : खटल्यापूर्वी सल्ला देणारी ‘टेली-लॉ’ आणि दोन्ही पक्षांना पडद्यावर समोरासमोर आणणारी ‘ई-लोकअदालत’.

मोफत कायदेविषयक सहाय्याची संघटित सुरुवात मुंबईत १९२४च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे लीगल एड सोसायटीपासून मानण्याचा प्रघात आहे. राज्यघटनेत मात्र ही जबाबदारी ४२व्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-अ मध्ये आली. तिला यंत्रणा मिळाली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ या कायद्याने. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार, आपत्तिग्रस्त, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले नागरिक मोफत सेवेस पात्र आहेत. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. आजही अनेक पात्र स्त्रियांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेली नाही.

टेली-लॉ केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा) आणि गावोगावी ऑनलाइन शासकीय सेवा देणाऱ्या सामाईक सेवा केंद्रांचे जाळे यांच्या साहाय्याने २०१७ मध्ये सुरू केली. आरंभ काही ठिकाणी एप्रिल, तर काही ठिकाणी जून असा दिला जातो. जूनमध्ये तिची जाहीर घोषणा झाली, हे निश्चित. पहिल्या टप्प्यात उत्तर प्रदेश, बिहार, ईशान्येकडील राज्ये आणि जम्मू-काश्मीर येथील १,८०० ग्रामपंचायती घेतल्या होत्या. २०१९ मध्ये योजना आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत गेली. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे त्या यादीत होते. सुरुवातीला कलम १२ खाली न येणाऱ्यांकडून ३० रुपये घेतले जात. २०२२ पासून सल्ला सर्वांना मोफत झाला. टेली-लॉचे मोबाइल अ‍ॅप नोव्हेंबर २०२१ मध्ये आले. नालसाचे स्वतंत्र अ‍ॅप त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये निघाले होते. नालसाची मदतवाहिनी १५१०० या क्रमांकावर आहे.

सल्ल्याचा प्रवास गावातल्या सेवा केंद्रात सुरू होतो. विधी स्वयंसेवक (बोलीत ‘पीएलव्ही’) किंवा केंद्रचालक अर्जदाराची नोंद करतो, तक्रारीचा प्रकार निवडतो, कागद स्कॅन करून चढवतो आणि पॅनलवरील वकिलाशी फोनवर किंवा व्हिडिओवर जोडून देतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात विचारला जाईल असा प्रश्न घ्यावा : वडील वारले, सातबाऱ्यावर वारसनोंद लागायची आहे आणि भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे. ‘करू का?’ एवढेच बहिणीला विचारायचे असते. वकिलाला आधी तीन गोष्टी लागतात : जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, फेरफार झाला आहे का, आणि सही साध्या कागदावर मागितली आहे की दुय्यम निबंधकाकडे. २००५च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायिकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हिस्सा मिळाला. लग्न केव्हा झाले यावरून तो बुडत नाही आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात (११ ऑगस्ट २०२०) स्पष्ट केले. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. एकदा नोंदला गेला की तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याला साधारणतः ३ वर्षांची मुदत आहे. सहीच्या आदल्या दिवशी मिळालेला दहा मिनिटांचा सल्ला आणि सहीनंतरचा काही वर्षांचा दावा यांतले अंतर हेच टेली-लॉचे खरे मोल होय. हा सल्ला दावापूर्व असतो. दावा लावायची वेळ आली की प्रकरण तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाते आणि तेथे वकील नेमून दिला जातो.

दूरच्या सल्ल्याला स्थानिक कायद्याची जाण लागते. वरचाच प्रश्न सावंतवाडीऐवजी पेडण्याहून आला तर उत्तर बदलते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला उत्तराधिकार कायदा आणि पती-पत्नीच्या सामाईक मालकीचे तत्त्व लागू असल्यामुळे तेथे पहिला प्रश्न जोडीदाराच्या हिश्श्याचा येतो आणि वाटणी ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रियेने, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून होते.

ई-लोकअदालतीच्या उगमाबाबत मतभेद आहेत आणि त्यांचे मूळ लोकअदालतीच्याच उगमात आहे. १४ मार्च १९८२ रोजी गुजरातमधील तत्कालीन जुनागढ जिल्ह्यातल्या उना येथे पहिली लोकअदालत भरली, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. दुसरा पक्ष हरिवल्लभ परीख यांनी गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातील रंगपूर येथील आश्रमात १९४९ पासून चालवलेल्या खुल्या न्यायसभेकडे बोट दाखवतो. तिचा अभ्यास उपेंद्र बक्षी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. संस्था म्हणून उना आणि कल्पना म्हणून रंगपूर, असा भेद केल्यास दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. मात्र दोन्हीकडे माणसे एका मांडवाखाली बसत. झाडाखाली, गावासमक्ष दिलेला शब्द मोडणे अवघड जाई आणि तडजोड टिकण्याचे ते एक मोठे कारण होते.

टाळेबंदीत हा मांडव उठला. व्हिडिओद्वारे साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतून गेलेल्या ‘महाराष्ट्र राज्य वि. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात २००३ मध्येच मान्यता दिली होती. त्याच न्यायालयाच्या ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने दूरदृश्य सुनावणीला देशभर आधार मिळाला. पहिली ई-लोकअदालत २७ जून २०२० रोजी झाली, असे नालसाच्या आधारे संसदेत व इतरत्र दिलेल्या शासकीय निवेदनांत येते. छत्तीसगडची राज्यव्यापी ई-लोकअदालत ११ जुलै २०२० ची असून तीही ‘देशातील पहिली’ म्हणून गौरवली जाते. २७ जूनची तारीख कोणत्याही पातळीवरील पहिल्या प्रयोगाची आणि ११ जुलैची एका राज्यात सर्व जिल्ह्यांत एकाच दिवशी झालेल्या उपक्रमाची, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. जून ते ऑक्टोबर २०२० या काळात १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत २७ ई-लोकअदालती झाल्या, त्यांत ४.८३ लाख प्रकरणे ठेवली गेली आणि १.४२ लाख निकाली निघाली. पुढे संपूर्ण कामकाज एका संगणकीय मंचावर चालवणाऱ्या ‘डिजिटल लोकअदालती’ २०२२ मध्ये राजस्थान व महाराष्ट्रात सुरू झाल्या. ‘पहिली’ हे विशेषण त्यांनाही लावतात. तेथे ते मंचाच्या स्वरूपापुरतेच घ्यावे.

यातला सर्वांत नाजूक भाग संमतीचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो. त्यावर अपील नाही. प्रलंबित दाव्यात तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. लोकअदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नसून तिने पक्षकारांच्या तडजोडीलाच निवाड्याचे रूप द्यायचे असते, हे ‘पंजाब राज्य वि. जालौर सिंग’ (२००८) या निर्णयाने पक्के केले. म्हणजे ‘हो’ हा एकच शब्द सारे ठरवतो आणि तो शब्द चुकीचा ठरला तर उच्च न्यायालयात मर्यादित कारणांवर रिट एवढीच वाट उरते. सभागृहात लोकअदालतीच्या पॅनलला पक्षकाराचा चेहरा दिसतो, मागे कोण उभे आहे ते दिसते, गरज पडल्यास त्याला बाजूला घेऊन विचारता येते. मोबाइलच्या चौकटीत चेहराच काय तो दिसतो. पोटगीची रक्कम मान्य करणारी स्त्री सासरच्याच खोलीत बसून बोलत असेल, तर चौकटीबाहेर कोण आहे हे पॅनलला कळणार नाही. ओळखपत्र पडद्याला दाखवणे आणि ओटीपी सांगणे याने व्यक्ती कोण हे सिद्ध होते. तिने स्वखुशीने मान्य केले, हे होत नाही. म्हणून कौटुंबिक आणि जमिनीच्या प्रकरणांत पक्षकार घरून न जोडता विधी सेवा कार्यालयात किंवा केंद्रात स्वयंसेवकाच्या शेजारी बसून जोडलेला असावा, ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते. बँकेची थकबाकी, विम्याचा दावा, ई-चलान यांत हा धोका तुलनेने कमी आहे. निकाली संख्या मोठी दिसते तीही बरीचशी अशाच दाखलपूर्व (दावा न्यायालयात जाण्याआधीच्या) प्रकरणांमुळे, आणि आकडे वाचताना हे ध्यानात घ्यावे लागते.

विधी स्वयंसेवकाचे काम यातून लक्षात येते. स्मार्टफोन नसलेल्या, अंगठा उठवणाऱ्या, पावरी, भिली किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाची तक्रार मराठीत आणि मग कायद्याच्या भाषेत तोच आणतो. कोणता कागद दाखवायचा हेही तोच ओळखतो. अनेकदा पिशवीतून विजेचे बिल, जुनी पावती, फाटका फेरफार असे सारे एकदम बाहेर येते आणि त्यातला एकच कागद प्रकरण उभे करतो.

न्यायालयांच्या बाजूने पूरक सोय म्हणून ई-कोर्ट्‌स प्रकल्पाने (पहिला टप्पा २००७, दुसरा २०१५, तिसरा २०२३) प्रत्येक दाव्याला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक दिला. पुढची तारीख पाहण्यासाठी तालुक्याला खेप घालण्याची गरज त्याने कमी केली. नागपूर येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ‘न्याय कौशल’ हे ई-संसाधन केंद्र सुरू झाले. तेथून दूरच्या न्यायालयांत ई-दाखल करता येते. मध्यस्थता अधिनियम, २०२३ च्या कलम ३० मध्ये ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद असून त्यासाठी पक्षकारांची लेखी संमती आवश्यक ठरवली आहे.