बालन्याय व्यवस्था (भारत)

कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आतील मुलाकडून घडलेल्या गुन्ह्याची चौकशी, त्यावरील निर्णय आणि त्या मुलाचे पुनर्वसन यांसाठी नेहमीच्या फौजदारी न्यायालयांपासून वेगळी ठेवलेली यंत्रणा. भारतात ती सध्या ‘बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ नुसार चालते. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द बोलण्यात व वृत्तपत्रांत रूढ असला, तरी कायदा तो टाळतो. महाराष्ट्रातील शासकीय लेखनात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्दप्रयोग आढळतो. त्याचप्रमाणे चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याच्या जागेचे ‘रिमांड होम’ हे नाव कायद्यातून गेले व ‘निरीक्षणगृह’ आले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे.

या व्यवस्थेचा भारतातील आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. कायद्याच्या अनेक पाठ्यपुस्तकांत, लॉर्ड कॉर्नवॉलिस याने १८४३ मध्ये अशा मुलांसाठी पहिली ‘रॅगेड स्कूल’ काढली, असे विधान एकाकडून दुसऱ्याकडे उतरत आलेले दिसते. भारताचा गव्हर्नर जनरल असलेला कॉर्नवॉलिस १८०५ मध्येच गाझीपूर येथे मरण पावला होता, आणि रॅगेड स्कूल ही मूलतः ब्रिटनमधील गरीब मुलांच्या शाळांची चळवळ होती. तेव्हा हे विधान निदान या स्वरूपात तरी स्वीकारता येत नाही. अधिक भक्कम पुरावा १८५० च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या अधिनियमाचा आहे. त्यात दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावण्याची सोय होती. मुंबईतील डेव्हिड ससून औद्योगिक शाळेची स्थापना १८५७ ची मानतात; १८५० च्या सुमारास ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने निघालेल्या उद्योगशाळेशी तिचा संबंध जोडला जातो. त्यानंतर भारतीय दंड संहितेने (१८६०) सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा न मानण्याचे, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाबाबत त्याची समज पाहण्याचे तत्त्व घालून दिले. ते भारतीय न्याय संहितेतही (२०२३) कायम आहे. सुधारशाळांचा कायदा १८७६ मध्ये झाला व १८९७ मध्ये तो नव्याने करण्यात आला.

१९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांचे खटले व त्यांना ठेवण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात, असे सुचवल्यावर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. मुंबईचा कायदा राबवण्यासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली व तिने डोंगरीतील उमरखाडीचे गृह चालवले. टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवसांची कैद भोगली तो डोंगरीचा तुरुंग याच वास्तूत होता, असे सांगतात. म्हणजे मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्यासाठी निवडलेली जागा पूर्वी तुरुंगच होती. पुढे मुंबई बालक अधिनियम, १९४८ आला. प्रांतोप्रांतीच्या कायद्यांतील ही विविधता पहिल्या देशव्यापी अधिनियमापर्यंत टिकली. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत ठेवलेल्या मुलांच्या स्थितीची दखल घेऊन एकसमान कायद्याची गरज मांडली, आणि त्याच वर्षी, १९८६ मध्ये, तो संमत झाला.

वयोमर्यादा हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा व मुलगी अठरा वर्षांखालील असावी लागे. २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा ही एकच मर्यादा केली. मात्र वय कोणत्या दिवशी मोजायचे, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. उमेशचंद्र खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याचा दिवस धरला होता. अर्नित दास खटल्यात (२०००) मुलाला प्रथम हजर केल्याचा दिवस धरला गेला, आणि फरारी राहिलेल्या वा उशिरा सापडलेल्या आरोपीला संरक्षण मिळेनासे झाले. प्रतापसिंह खटल्यात (२००५) घटनापीठाने गुन्ह्याच्या दिवसाचेच मत पुन्हा प्रस्थापित केले. कायद्याचा हेतू पाहता तेच सुसंगत वाटते. २००६ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयाचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येतो.

वय सिद्ध कसे करायचे, हा त्याहून अवघड प्रश्न होय. २०१५ च्या अधिनियमातील कलम ९४ नुसार प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यासच अस्थिपरीक्षा असा क्रम आहे. क्ष-किरणांनी हाडांची वाढ पाहून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक संभवतो, हे न्यायालयांनी १९८२ पासून मानले आहे. अडचण अशी की शाळेच्या नोंदीही सर्वत्र विश्वासार्ह नसतात. महाराष्ट्रात जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे पहिलीत दाखल करताना गुरुजी १ जून लिहीत. शाळा त्याच महिन्यात उघडत. जनरल रजिस्टरात ओळीने उतरलेली ही तारीख ‘शाळा सोडल्याच्या दाखल्या’वर येते व न्यायालयापुढे पहिल्या प्रतीचा पुरावा ठरते. उलट, अशाच शालेय नोंदीमुळे एका माणसाचा जीवही वाचला आहे. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला, खटल्यात प्रौढ गणला गेलेला एक कैदी घटनेच्या दिवशी साडेबारा वर्षांचा होता, असे राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदीवरून ठरले आणि अठ्ठावीस वर्षांच्या कैदेनंतर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याची मुक्तता केली.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अठरा वर्षांखालील असल्याने त्याला तीन वर्षे विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात) ठेवून सोडण्यात आले, आणि मर्यादा सोळावर आणण्याची मागणी वाढली. या प्रकरणानंतर नेमलेली न्या. वर्मा समिती व संसदेची स्थायी समिती यांपैकी कोणीही तिला अनुकूल नव्हते. तरीही राज्यसभेने २२ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे त्या आरोपीच्या सुटकेनंतर दोनच दिवसांनी, विधेयक मंजूर केले. मर्यादा अठराच राहिली. पण किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या ‘घृणास्पद’ गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची बालन्याय मंडळाने (मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या, दंडाधिकारी व सामाजिक कार्यकर्ते यांच्या मंडळाने) प्राथमिक पाहणी करावी व त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याजोगे प्रकरण वाटल्यास ते बालक न्यायालयाकडे पाठवावे, अशी तरतूद झाली. तेथेही फाशी वा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक, पण किमान शिक्षा न सांगितलेली अशा गुन्ह्यांचे काय, हा प्रश्न मात्र संसदेच्या नजरेतून सुटला होता. शिल्पा मित्तल खटल्यात (२०२०) न्यायालयाने ते ‘घृणास्पद’ वर्गात न धरता त्याखालच्या ‘गंभीर’ वर्गात धरले, व २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायम केले. पुण्याच्या कल्याणीनगरमधील मे २०२४ च्या मोटार अपघातात ही तांत्रिक बाब घरोघर पोहोचली. सतरा वर्षांच्या चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्याने लोकक्षोभ उसळला. परंतु सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा नसल्याने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवता येईल का, हाच खरा कायदेशीर प्रश्न होता. मंडळाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांची तशी मागणी फेटाळली.

बालगुन्हेगारीच्या प्रमाणाविषयीचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांतून मिळतात. मुले आरोपी असलेली नोंदलेली प्रकरणे २०१६ मध्ये ३५,८४९, २०२० मध्ये २९,७६८ व २०२२ मध्ये ३०,५५५ होती. या काळात सतत वाढ झाल्याचे त्यांवरून दिसत नाही. २०२२ मध्ये ताब्यात घेतलेल्या ३७,७८० मुलांपैकी २९,६९० सोळा ते अठरा वयोगटातील होती. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा क्रमांक बहुधा वरचा असतो. जुन्या आकड्यांशी तुलना जपून करावी लागते. दंड संहितेखालील प्रकरणे २००० मध्ये ९,२६७ व २००१ मध्ये एकदम १६,५०९ झाली, याचे मुख्य कारण मुलगे बिघडले हे नसून सोळा-सतरा वर्षांचे मुलगे त्या वर्षी प्रथमच ‘बालक’ ठरले, हे आहे. शिवाय २०१६ च्या आदर्श नियमांनुसार क्षुल्लक व गंभीर गुन्ह्यांत, सोबत प्रौढ आरोपी नसल्यास, प्रथम खबर (एफआयआर) न नोंदवता केवळ ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते. हा नियम कोठे किती पाळला जातो, त्यावर त्या भागातील संख्या हलते. पुण्यातील ‘कोयता गँग’ या वृत्तपत्रीय नावाखाली तर चोरी, दहशत व टोळीयुद्ध अशा निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात.

मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री असते. मुलाला चोवीस तासांत हजर करावे लागते. बेडी व कोठडी निषिद्ध असून पोलिसाने साध्या वेषात असावे लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घर, शाळा व सोबती यांची माहिती काढून सामाजिक तपास अहवाल देतो. निर्णय समज देण्यापासून तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंत असू शकतो. मुलाची ओळख उघड करण्यास बंदी असून, प्रौढ म्हणून चाललेली प्रकरणे वगळता, दोषसिद्धीची नोंद विहित काळानंतर नष्ट केली जाते. त्यामुळे मंडळांच्या दैनंदिन कामाचे फारच थोडे लिखित साधन अभ्यासकांच्या हाती लागते, आणि या विषयावरील लेखन उच्च व सर्वोच्च न्यायालयांपर्यंत गेलेल्या अपवादात्मक प्रकरणांभोवतीच फिरत राहिले आहे.